आ का रा म

छापील नाव उठून दिसेल असं जुळवणारा, छापखान्यातल्या दत्तोबा जुळाऱ्यासारखा, साऱ्या साताऱ्यात दुसरा नव्हता. लढाईमुळं ठळक टाईप मिळेना, तेव्हा तो अक्षरांमध्ये काहीच न छापणारे शिशाचे कोरे खिळे घालून नाव सुटं करायचा. वरची रेघ तुटायची, पण नजर नेमकी तिथंच थांबायची.

त्या दुपारी त्यानं कोरेगावच्या फौजी आकारामच्या स्वागताचं पत्रक जुळवलं आणि नावात तीन कोरे खिळे घातले. आकाराम दुसऱ्या दिवशी लढाईवरनं परतणार होता.

"आवं दत्तोबा, अक्षरं जवळ घ्या की," दारातनं आवाज आला. "मी आकाराम. लय वारं शिरतंय."

"शिरू दे. नाव कसं दिसतंय ते बघ," म्हणत दत्तोबानं मान वर केली.

खाकी वर्दीतला माणूस उन्हात उभा होता. त्याच्या अंगात डोक्यापासून पायापर्यंत तीन उभ्या फटी होत्या. मागनं चाललेला टांगा एका फटीतून दुसरीत गेला.

दत्तोबानं तिन्ही कोरे खिळे उपसून सदऱ्याच्या खिशात टाकले आणि अक्षरं भिडवली.

"आता?"

"आता बरं वाटतंय," अखंड झालेला आकाराम म्हणाला.

दत्तोबा हसला. तेवढ्यात खिशाखालून गार वारा छातीत शिरला आणि पाठीतून बाहेर पडला.