तिकडची माती

एझ्रा दारातच उभा राहिला, बूट न काढता. "आई गेली," म्हणाला. "आज पहाटे."

दुबईच्या करामा भागातल्या त्या फ्लॅटच्या दारावर पाटी होती 'कोकण मित्र मंडळ'. आत जमायचे ते अलिबाग-पेणकडचे ज्यू, बेने इस्रायल. घरात चोख मराठी बोलणारे आणि दुबईत आपला धर्म कुणाला न सांगणारे. मूठभर घरं, पण तट दोन: एक धर्माचे नियम पाळणारे, एक न पाळणारे. हॉल एकच, भाडं सगळ्यांचं. दर शुक्रवारी संध्याकाळी भांडण ठरलेलं. पाळणाऱ्यांना शब्बाथचा, म्हणजे पवित्र वाराचा, दिवा लावायचा असायचा आणि न पाळणाऱ्यांना शारजाची मॅच बघायची असायची.

खिडकीशी हन्नाबाई बसल्या होत्या. पाळणाऱ्यांतल्या, आणि वयानं सगळ्यांत मोठ्या. गेलेली सिपोरा पक्की न पाळणाऱ्यांतली. धर्माला न चालणारी कोळंबी खायची, शब्बाथलासुद्धा रमी मांडायची. पत्त्यांत जास्त लबाडी कोण करतं, यावर दोघी जन्मभर भांडल्या आणि जन्मभर एकाच सतरंजीवर बसल्या. आता हन्नाबाई रडल्याबिडल्या नाहीत. नुसता चष्मा मिटला, उघडला, परत मिटला.

एझ्राचं मागणं एवढंसं होतं. मुंबईला न्यायचं तर कागदच चार दिवस फिरणार. म्हणून इथंच, शहराबाहेरच्या बिगरमुस्लिम दफनभूमीत, आज दिवस मावळायच्या आत पुरायचं. आणि सिपोरा जाता जाता म्हणाली होती, बाकी काही करू नकोस बाबा, डोळ्यांवर तेवढी चिमूटभर माती घाल.

माती म्हणजे यरुशलेमची. मेल्या माणसाच्या डोळ्यांवर ती घालायची, ही बेने इस्रायलांची रीत. दुबईत ते नाव मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती, म्हणून सगळे आपले 'तिकडची माती' म्हणायचे. मंडळाच्या कपाटात तिची एक पुरचुंडी होती, सगळ्यांच्या मालकीची. ती कशी आली, ते हन्नाबाई पोरांना रंगवून सांगत. सासऱ्यांनी तपकिरीच्या डबीत घालून आणली, बंदरावरच्या कस्टमवाल्यानं तपकीर समजून चिमूट ओढली, आणि तीनदा शिंकून तो मेला घडाघडा हिब्रू बोलायला लागला. त्या शिंकांत माती उडाली, म्हणून एवढीशीच उरली.

एका माणसापुरती.

कपाटाची किल्ली हन्नाबाईंच्या कमरेला होती, पण शब्द हारुन पेणकरचा चालायचा. हारुन मंडळाचा सेक्रेटरी, पाळणाऱ्यांतला सगळ्यांत कडक.

"मागच्या मीटिंगला या मातीवरून तू काय म्हणालास, एझ्रा?" हारुननं विचारलं. "वाळूच हवी ना, बाहेर अख्खं वाळवंट पडलंय. म्हणालास ना?"

एझ्रा आपल्या बुटांकडे बघत राहिला. "म्हणालो."

हारुननं आवाज चढवला नाही. वाईट मला पण वाटतंय, म्हणाला, पण जी बाई आयुष्यभर पाळत आली तिचा हक्क आधी. उद्या हन्नामावशींच्या डोळ्यांवर काय घालू?

"अरे मेल्या, मी काय बॅग भरून बसलेय?" हन्नाबाई म्हणाल्या. माझा हक्क ना, मग मीच देते तिला. पण हारुन म्हणाला, मावशी, ती तुमची नाही, मंडळाची आहे. नियम एकदा मोडला की मग कुणाला काय सांगायचं?

"खलास," एझ्रा म्हणाला. "राहू दे." आणि तो वळला.

"थांब रे," हन्नाबाई म्हणाल्या. "सब्जा तरी घेऊन जा. त्याला काही कमिटीची सही लागत नाही."

मयताच्या अंगावर सब्जा घालायची रीतही होतीच. हारुननं मान डोलावली. हन्नाबाई आतल्या खोलीत गेल्या. कपाट तिथंच, आणि त्यापलीकडे बाल्कनीत सब्ज्याची कुंडी. कपाट करकरायचं, म्हणून त्या मोठमोठ्यानं खोकल्या. खोकतखोकतच त्यांनी पुरचुंडी सोडली, माती रुमालात ओतली, कापड झटकलं, शिवणीत अडकलेली नखानं काढली. मग बाल्कनीत जाऊन कुंडीतली माती बोटांनी उकरली, पुरचुंडीत भरली, गाठ मारून परत जागच्या जागी ठेवली. सब्जा सगळाच खुडला आणि त्याच रुमालात मातीवर बांधला. एक काडी मागे ठेवली नाही.

दारात रुमाल देताना त्यांनी एझ्राची बोटं त्याच्यावर दाबली. सब्ज्याला इतकं वजन नसतं. एझ्रानं चमकून वर बघितलं.

"आधी डोळे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मग बाकीचं. आणि सांग तिला, लबाडीत मीच जिंकले."

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. हारुनला काही चैन पडेना. तो उठला, हन्नाबाईंकडून किल्ली मागून घेतली, आत जाऊन कपाटातली पुरचुंडी घेऊन आला आणि हन्नाबाईंच्या समोर खाली बसला. रागावू नका, म्हणाला, ही आता तुमच्यापाशीच राहू दे. त्यानं ती त्यांच्या ओंजळीत ठेवली, पण हात लगेच काढून घेतला नाही. अंगठा कापडावरच थांबला.

"ओलसर लागतेय, मावशी."

कुंडीला त्या रोज सकाळी पाणी घालत.

"तिकडं पाऊस पडला असेल," हन्नाबाई म्हणाल्या.

हारुननं त्यांच्या काळ्या झालेल्या नखांकडे बघितलं. मग उघड्या दारातून बाल्कनीतल्या बोडक्या कुंडीकडे. पुरचुंडीची गाठ सैल होती, ती त्यानं घट्ट आवळली, आणि त्यांची बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली.

"हो मावशी," तो म्हणाला. "यंदा बराच झाला म्हणतात."