पडद्यावरचा डाग

"डाग रंगाचा असता तर एव्हाना गेला असता," असं म्हणत टीव्हीवाल्याने वायरची गोल कॉइल पुन्हा पडद्यासमोरून फिरवली. कॉइल गुणगुणली. बातम्या सांगणारी बाई क्षणभर जांभळी झाली, हिरवी झाली आणि परत माणसात आली. तिच्या तोंडावरची करडी सावली मात्र जागची हलली नाही.

अक्का समोरच्या खुर्चीत बसून बघत होत्या. आपली खोली कायमची सोडून त्या सकाळीच धाकट्या भावाकडे राहायला आल्या होत्या. बॅग अजून दारापाशीच होती. भावजयीने त्यांना मागची, आई वारल्यापासून रिकामी असलेली तिची खोली झाडून दिली होती. खाट तीच, चादर नवी. त्या खोलीच्या दाराला कडी बाहेरून का, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण आल्या आल्या खुसपट कशाला, म्हणून अक्कांनी ते चहाबरोबर गिळलं होतं.

"नवाच घ्या म्हणते मी," भावजय म्हणाली. "पण यांचा सगळा जीव या डबड्यात!"

"अगं, आवाज बघ त्याचा," भाऊ म्हणाला. "हल्लीचे टीव्ही नाकात बोलतात."

टीव्हीवाल्याने चॅनेल बदलत बदलत एक बर्फाचा डोंगर लावला. पांढऱ्यावर सावली उठून आली. नुसती सावली नव्हती ती. तिला कडा होत्या, कोपरे होते.

"हे बघा. हे चित्र आहे," तो म्हणाला. "एकच चित्र वर्षानुवर्षं लावून ठेवलं की पडदा भाजतो आणि ते धरून बसतो. याला कॅमेरा जोडला होता का हो कधी? दुकानात असतो तसा?"

भावाने चष्मा पुसायला घेतला. "आईसाठी. पडली-बिडली तर कळावं म्हणून."

अक्का पुढे वाकल्या. खिडकी. भिंतीतलं कपाट. खाट. खाटेवर एक लांबट धूसर आकार, आणि त्यातून दोन्ही बाजूंना, खाटेच्या दांड्यांपर्यंत गेलेल्या दोन रेघा.

"खाटेवर ते काय आहे?"

"गादीच्या वळ्या असतील," भावजय म्हणाली.

"आणि माणूस असेल तर?"

टीव्हीवाला हसला. "माणूस कसा उमटेल, आजी? माणूस हलतो. जे हलतच नाही, तेच भाजतं."

आईच्या पायाला तर भिंगरी होती. भाऊच सांगायचा फोनवर, 'म्हातारी एका जागी बसते होय! आत्ता इथे होती, गेली शेजारी गप्पा ठोकायला.' दर वेळी. अक्का हसायच्या आणि फोन ठेवायच्या.

"पिक्चर ट्यूबच बदलायला हवी, आणि ती आता मिळत नाही." टीव्हीवाला सामान आवरू लागला. टीव्हीच्या मागे हात घालून त्याने एक काळी वायर बाहेर ओढली. भिंतीच्या कडेकडेने ती मागच्या खोलीकडे गेली होती. "ही काढून टाकू? उगीच कुणाच्या पायात यायची."

"असू दे, असू दे." भावजयीच्या बोलण्यात साखरच साखर. "वन्सं आल्यात ना आता. लागेल."

"आणि डाग?"

"राहू दे," भाऊ चष्मा घालत म्हणाला. "त्या खोलीचं चित्र लावलं की दिसतच नाही तो."

अक्कांनी दाराकडे पाहिलं. भावजय बॅग उचलून मागच्या खोलीकडे निघाली होती. खुर्चीच्या दांड्यांवर ठेवलेले आपले दोन्ही हात अक्कांनी हळूच शालीखाली घेतले.