हातावरचं दही

उत्तरेतल्या आमच्या क्वार्टरमधून पुण्याला निघायच्या सकाळी आईने माझ्या हातावर घालायला वाटीभर दही काढून ठेवलं होतं. बॅग दाराशी होती. एवढ्यात, बाबांना सांभाळायला आजपासून येणार होती त्या बाईचा फोन आला. "दीदी, मुझे मानेसर की फैक्टरी में काम मिल गया. बस घर तक आती है. माफ करना." अशी 'हो' म्हणून फिरलेली ही तिसरी बाई. अर्धांगवायूने बाबांचं एक अंग आणि वाचा गेलेली, आईच्याने त्यांना कुशीवर वळवणंही होईना. उद्या जिथे रुजू व्हायचं होतं त्या कॉलेजला मी फोन लावला. "सर, मला नाही येता येणार." "अहो मॅडम, तुम्ही होकार दिलात म्हणून आम्ही दुसऱ्या मुलीला नकार कळवला! शब्दाला काही किंमत आहे की नाही?" क्वार्टरच्या पातळ भिंतीपलीकडे बाबा सगळं ऐकत होते. कीर्तनात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की ते पहिल्या रांगेत बसून ढसाढसा रडायचे, आणि घरी येताना मला सांगायचे, "उल्का, शब्द दिला की तो देवाचा झाला हो." आईने ते दही मऊ भातात कालवून वाटी माझ्या हातात दिली. मी त्यांच्या खोलीत जाऊन पहिला चमचा बाबांच्या ओठांशी नेला. "घ्या ना हो," आई म्हणाली. बाबांनी ओठ घट्ट मिटले आणि ते खोलीतून दिसणाऱ्या, बाहेरच्या दाराशी ठेवलेल्या माझ्या बॅगेकडे बघत राहिले.