फळ्यावरची चूक

“सर, इंग्रजीत ‘ही’ कुठे लिहायचं आणि ‘हिम’ कुठे, हे तुम्हाला तरी कळतं का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, मग काय, मी उभं राहून विचारलंच! वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसल्या होत्या. सरांना नोकरीत कायम करायचं की नाही, हे त्या आज ठरवणार होत्या. सरांनी फळ्यावरचा शब्द पुसला. “बरोबर पकडलंस,” एवढंच म्हणाले.

घरी हे ऐकून बाबा खूश. “तोंडातून शब्द न फुटणारी आमची पोर, बघा!” आईने पाठ थोपटली आणि मला रडूच आलं.



“आई, बाबा, उद्या मी मुख्याध्यापिकांना सगळं सांगणार आहे. सर रोज एक चूक मुद्दाम लिहितात, आम्ही शोधावी म्हणून. आणि हे मला ठाऊक होतं.”