नादारीचा सल्ला

“नादारी घेतलेल्या माणसाला कोर्टात चोरासारखं उभं करतात काय, वकीलसाहेब?”

वेणीमाधवरावांनी हातातला टाक खाली ठेवला. समोरचा माणूस साठीकडे झुकलेला होता. कपाळावर विभूती, डोक्याला पांढरा रुमाल. खुर्ची दाखवली तरी तो सतरंजीच्या कडेलाच टेकला होता.

“चोर कशाला? देणं झेपत नाही असं कोर्टाला खरं खरं सांगणं हा गुन्हा नाही. आपलं नाव?”

“नाव मागनं सांगतो की. आदी इचारू द्या.”

वकिलांनी आग्रह केला नाही. मंदीचं दुसरं वर्ष होतं. सोलापुरात घरोघर विणलेली लुगडी घडी न मोडता पडून होती. गेल्या उन्हाळ्यात एका रंगाऱ्याला त्यांनी असंच पहिल्याच वाक्यात नाव विचारलं होतं. तो पाणी पिऊन येतो म्हणून उठला आणि परत आलाच नाही. हद्द ओलांडून मोगलाईत, निजामाच्या मुलखात, गेल्याचं पुढे कळलं. बायको आणि दोन मुली इथंच राहिल्या.

“बरं. विचारा.”

“घर जातं?”

“घर जाईल. खोटी आशा दाखवत नाही.”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. “आन् माग? दोन माग हायेत. लुगडी इनायचे.”

“कारागिराची अवजारं जप्त करता येत नाहीत. माग राहतील. स्वयंपाकाची भांडी, अंथरुणं राहतील. बायकोला माहेरहून आलेलं असेल तर ते तिचं. त्याला कोणी हात लावणार नाही.”

“माग ऱ्हातात?”

“राहतात. पण एक लक्षात ठेवा. कोर्टापासून काही लपवायचं नाही. एक तपेलं जरी शेजारी नेऊन ठेवलं तरी सगळं अंगाशी येतं.”

“लपवायला हाय काय!” म्हातारा पुटपुटला. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. “परवा तळ्याच्या पायरीवर बसनं झालं. सिद्धेश्वराच्या. दिवे लागले तरी उठनं न्हाय. नुसतं पान्याकडं बघनं.”

वेणीमाधवराव खुर्चीतून उठले आणि त्याच्यासमोर सतरंजीवर येऊन बसले.

“अहो, असं करायचं नाही. ऐका माझं. दिवाळं पैशाचं निघतं, माणसाचं निघत नाही. कोर्ट एक रिसीव्हर नेमतं. आहे ते विकून तो सगळ्यांना वाटून देतो. तुम्ही सरळ वागलात की कोर्ट मोकळं करतं. मग माग तुमचा, हात तुमचे. करकंबच्या एका दुकानदाराचं काम मीच चालवलं होतं. आज तो बाजाराच्या दिवशी पुन्हा पाल टाकून बसतो. लोक येतात त्याच्याकडे.”

“लोक येतात?”

“पहिले सहा महिने नाही आले. मग आले.”

म्हाताऱ्यानं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. वकिलांनी आत हाक मारून पाणी मागवलं. तो घटाघटा प्यायला.

“नादारीवाचून दुसरी वाट न्हाय?”

“आहे की. सगळ्या सावकारांना एकत्र बसवायचं, रुपयामागं काही आणे घ्या म्हणायचं, तेही हप्त्यानं. किती जण आहेत?”

“सा.”

“ऐकतील?”

“एक ऐकंल. बाकीचे पाच न्हाय. एक गप बसला तर बाकीचे म्हनतील, बरं झालं, आपल्याला जास्ती मिळंल.”

“म्हणजे अर्जच करावा लागेल. कोणी कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळवलाय?”

“एकानं. सूतवाल्यानं. अटकेचं वॉरंट बी काडलंय त्यानं.”

“कसा आहे माणूस?”

म्हातारा विचारात पडला. “वाईट न्हाय म्हनवत. पर आपल्या पैशापलीकडं बघायची सवय न्हाय त्याला.”

“त्याला मी समजावतो. देणेकऱ्याला तुरुंगात टाकलं तर त्याच्या जेवणाचा खर्च ज्यानं टाकलं त्यालाच भरावा लागतो, माहीत आहे का त्याला?”

“म्हाइती हाय,” म्हणून म्हातारा पहिल्यांदाच हसला. “लई लागलं त्याला ते.”

वेणीमाधवरावही हसले. “मग अर्धं काम झालं. वॉरंट त्यानं मागं घ्यावं. अर्ज मंजूर होईपर्यंत बाकीच्यांपासून संरक्षणाचा हुकूम मी कोर्टाकडे मागतो. तो सूतवाला माझ्याकडे येईल का?”

“येईल की.”

“आणि घरी जाऊन बायकोला सगळं सांगा. आजच. अशा वेळी माणूस एकटा राहिला की घात होतो.”

“तिला म्हाइती हाय. दोन दिवस जेवली न्हाय. पर आता जेवंल.”

म्हातारा उठला. जिन्याच्या दारापर्यंत गेला आणि तिथून त्यानं खाली रस्त्यावर वाकून पाहिलं.

“अहो, निघालात कुठे?” वेणीमाधवराव म्हणाले. ते पुन्हा खुर्चीत बसले होते आणि टाक हातात घेऊन त्यांनी कोरा कागद पुढे ओढला होता. “आता तरी नाव सांगा. अर्जावर लागेल.”

“अर्जावर निंगप्पाचं घाला. खाली टांग्यात बसलाय. शरमेनं वर यीना. म्हनलं, तू बस, आदी मी बघून येतो, वकील देनेकऱ्यासंगं कसा बोलतो ते.”

वकिलांचा टाक तसाच हवेत राहिला. “मग तुम्ही कोण?”

“सूतवाला,” म्हातारा म्हणाला. “आनू त्याला वर?”