तापलेली बांगडी

लेकीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला आलेली तेजस्विनी डिंकाचे लाडू वळत होती, तेवढ्यात तिच्या हातातली बांगडी तापली. तिकडे रत्नागिरीत तिच्या नवऱ्याचं, निनादचं दुबळं हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडलं, की ते मागे तुंबून फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर दाब यायचा. त्यांतल्याच एका वाहिनीत बसवलेला इवलासा यंत्रकण तो दाब ओळखून बांगडीला कळवायचा. ती इथे आल्यापासून हे रोजचंच झालं होतं.

तुपकट हातानेच तिने नवऱ्याला फोन लावला.

"काय खाल्लंस?"

"लोणच्याची फोड. एकच."

"अरे, मिठाने अंगात पाणी साठतं, दाब वाढतो. स्वतःच्या जिवावर उठलायस का?"

"तसं नाही गं." नुसतं बोलतानाही त्याला धाप लागत होती. "तू तिकडे बाळंतिणीत गुंतलेली. बांगडी तापली, की मात्र लगेच फोन करतेस."

तेजस्विनीने लाडवांचं ताट बाजूला सारलं.

"ती बरणी आत्ताच्या आत्ता शेजारी देऊन ये," ती म्हणाली. "सावकाश जा. मी फोन ठेवत नाही."

पाक गार झाला की लाडू वळत नाहीत, हे ठाऊक असूनही ती खुर्ची ओढून बसली.