चौदा दिवस बादलीत

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने टाकीतले नऊ मासे गेले, तीन तगले. कुमुदकाकूंनी त्यांना चौदा दिवस बादलीत ठेवून औषधपाणी केलं. आज घासून वाळवलेल्या टाकीत नवं पाणी भरून त्यांनी बादलीतले मासे पिशवीत घेतले, पाण्याची ऊब जुळावी म्हणून पिशवी आधी नुसती तरंगत ठेवली, मगच गाठ सोडली. तिघंही सुळकन आत शिरले.

तेवढ्यात काका नवा मासा घेऊन हजर. मागच्या खेपेला त्यांनीच दुकानातला मासा थेट टाकीत सोडून रोग घरात आणला होता.

"आधी बादलीत. चौदा दिवस," काकूंनी बजावलं.

"अगं, ठणठणीत आहे तो!"

"कोरोनात तुम्हीही हेच म्हणत होतात. तरी मागच्या खोलीत कोंडलंच ना मी? घरात कुणाला शिंक तरी आली?"

काका निमूटपणे बादली भरू लागले.

"खिडकीपाशी ठेवतो," ते म्हणाले. "एकट्याला फार कंटाळा येतो गं."